‘एक्झोडस’ : आणलेले आणि आलेले

लेऑन युरिस यांची ‘एक्झोडस’ ही कादंबरी १९५८ साली प्रसिद्ध झाली आणि दोनच वर्षांनी ऑटो प्रेमिंजर यांनी तिच्यावर बोलपट काढला. आपल्या समाजातील कितीतरी घरांत या कादंबरीची पाने सुटलेली इंग्रजी प्रत असे. मुंबईहून निघताना तांब्यापितळेच्या भांड्यांबरोबर ती पेटीत घालून आणणारी माणसेही आम्हांला ठाऊक आहेत. युद्धानंतर पूर्व युरोपातील यहुदी लोक या देशात कसे पोहोचले, याविषयी आपल्यापैकी बहुतेकांची कल्पना या एका पुस्तकावर आणि त्याच्या बोलपटावर उभी आहे. आपली नातवंडेही विचारतात तेव्हा आपण त्यांना तीच गोष्ट सांगतो. म्हणून या पुस्तकाविषयी काही स्पष्ट लिहावे असे पुष्कळ दिवस मनात होते. सेवानिवृत्तीनंतर वेळ मिळाला, कादंबरी पुन्हा वाचली, बोलपट पुन्हा पाहिला. साडेतीन तासांचा आहे, दोन बैठकीत पाहिला.

पुस्तकाचे ऋण आम्ही नाकारीत नाही. साठीच्या दशकात सोव्हिएत रशियातील यहुदी तरुण या कादंबरीच्या टंकलिखित प्रती चोरून काढीत आणि हातोहात फिरवीत असत. पकडले गेले तर तुरुंग. जे पुस्तक लोक असा धोका पत्करून वाचतात, ते अगदीच पोकळ असणार नाही. युरिस यांना गोष्ट पुढे पळवता येते, हेही खरे. आमचा आक्षेप निराळा आहे. ज्या लोकांच्या नावाने हे पुस्तक लिहिले, ते लोकच त्यात नीट दिसत नाहीत. दिसतात ते त्यांना आणणारे.

आधी मूळ हकीगत पाहू. हिब्रूत ‘ब्रिखा’ म्हणजे पळ, निसटणे. १९४४ ते १९४८ या काळात पोलंड, रुमानिया, हंगेरी, लिथुआनिया इत्यादी देशांतून सुमारे अडीच लाख यहुदी पश्चिमेकडे व दक्षिणेकडे सरकले, त्या सगळ्या हालचालीला हे नाव पडले. याची सुरुवात कोणी केली? १९४४ च्या अखेरीस विल्ना आणि रोव्नो येथील जंगलांत लढून वाचलेले काही तरुण-तरुणी पोलंडमधील लुब्लिन शहरात एकत्र आले. कवी आब्बा कोव्हनर त्यांतलेच. युद्ध अजून संपलेले नव्हते. त्यांनी नकाशे काढले आणि रुमानियाकडे वाटा शोधायला माणसे पाठविली. पॅलेस्टाइनहून कोणी येऊन त्यांना सांगितले नव्हते. यहुदी ब्रिगेडचे सैनिक इटलीच्या सीमेवर तार्व्हिसियो येथे होते, त्यांची व या लोकांची गाठ पडली ती १९४५ च्या उन्हाळ्यात, म्हणजे चालायला सुरुवात झाल्यावर काही महिन्यांनी. पॅलेस्टाइनहून आलेल्या कार्यकर्त्यांनी पुढे मोठे काम केले, त्यात वाद नाही. पण पहिले पाऊल त्यांचे नव्हते. येहूदा बाउअर यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या ब्रिखाच्या इतिहासात हे सविस्तर मांडले आहे.

सुरुवातीला जाणारे बहुधा एकटे होते. घरदार गेलेले, तरुण, अंगाने बरे. काही तुकड्या सीमेवर आपण ग्रीक आहोत, छावणीतून सुटून मायदेशी चाललो आहोत, असे सांगत. पहारेकऱ्याला ग्रीक येत नसे, म्हणून ही मंडळी आपसांत हिब्रू बोलत, आणि ज्यांना बोलता येत नसे ते पाठ असलेल्या प्रार्थना म्हणत. पहारेकरी समजे की हीच ग्रीक. हे वाचून आम्हांला हसू आले, आणि मग आठवले की आपले पूर्वजही कोकणात शतकानुशतके शेमाच्या दोन ओळींवरच यहुदी म्हणून टिकले.

१९४६ मध्ये चित्र बदलले. युद्धकाळात सोव्हिएत प्रदेशात, अगदी उझबेकिस्तान-कझाकस्तानपर्यंत गेलेले पोलिश यहुदी त्या वसंतात पोलंडला परतू लागले. त्यांची संख्या लाखाच्या वर होती आणि ती कुटुंबे होती. बायका, म्हातारी माणसे, तिकडे जन्मलेली तान्ही मुले. घरे गेलेली, घरांत दुसरे राहत असलेले. अशात ४ जुलै १९४६ रोजी किएल्त्से गावी दंगल झाली. एका लहान मुलाने सांगितले की यहुद्यांनी त्याला तळघरात कोंडले होते. ज्या घराचे नाव त्याने घेतले त्या घराला तळघरच नव्हते. तरीही बेचाळीस यहुदी मारले गेले, आणि मारणाऱ्यांत गणवेशातले लोकही होते. त्यानंतर पोलंडच्या सरकारने चेकोस्लोव्हाकियाच्या सीमेकडे डोळेझाक करावी अशी बोलणी झाली, चेक सरकारनेही आगगाड्या सोडल्या, आणि तीन महिन्यांत साठ हजारांहून अधिक माणसे पलीकडे गेली.

साठ हजार हा आकडा आपण वाचतो आणि पुढे जातो. आम्ही नर्स म्हणून आयुष्य काढले, तेव्हा आमचे मन आकड्यावर निराळ्या रीतीने अडते. साठ हजारांत गरोदर बायका किती असतील? रात्री सीमा ओलांडायची, पाठीवर एक पिशवी, आणि कळा सुरू झाल्या तर? ओले बाळंतपण, अंगावरचे दूध आटलेले, लंगोटाला कापड नाही, कपडा वाळवायला विस्तव पेटवायचा नाही. युद्धानंतरची दोन वर्षे जर्मनीतील निर्वासित छावण्यांतील यहुद्यांचा जन्मदर जगात सर्वांत जास्त असणाऱ्यांपैकी होता. ज्यांचे सगळे गेले त्यांनी लगेच लग्ने केली आणि लगेच मुले झाली. व्हिएन्नातील रोथशिल्ड रुग्णालय या वाटेवरचे मोठे ठाणे होते. खाटा कमी पडल्या म्हणून माणसे जिन्यांवर आणि व्हरांड्यांत झोपत. रुग्णालयाचा जिना म्हणजे काय हे ज्याने स्ट्रेचर चढवले आहे त्यालाच कळेल.

आणखी एक वाट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९४७ च्या उन्हाळ्यापर्यंत ऑस्ट्रियातून इटलीत जाण्याचे सोपे रस्ते बंद झाले होते, कारण ते ब्रिटिश आणि फ्रेंच ताब्यातील प्रदेशांतून जात. अमेरिकन ताब्यातील भागाची इटलीशी जी थोडीशी सीमा होती ती क्रिमल टौर्न या खिंडीत, २,६३४ मीटर उंचीवर. त्या एका उन्हाळ्यात सुमारे पाच हजार माणसे ती खिंड चढून गेली. मध्यरात्री निघायचे, वाटेत टौर्नहाउस नावाच्या डोंगरी धर्मशाळेत विसावा घ्यायचा, मग दगड आणि बर्फ. ती धर्मशाळा चालविणाऱ्या बाईने या लोकांना आसरा दिला आणि खाऊ घातले. आपल्या महाबळेश्वरच्या जवळजवळ दुप्पट उंची, आणि चढणारे गिर्यारोहक नव्हेत, छावणीतून आलेली, अंगात रक्त नसलेली माणसे, कडेवर मूल. २००७ पासून दरवर्षी या वाटेने स्मरणयात्रा निघते.

आता विचारावे, या सगळ्यातले ‘एक्झोडस’मध्ये किती आहे?

बोलपटात जवळजवळ नाहीच. पडदा उघडतो तो सायप्रसमध्ये. लोक छावणीत आहेत, तारेच्या कुंपणाआड. कुठून आले, कसे आले, कोणी कोणाचा हात धरला, काही नाही. जणू समुद्राने आणून टाकले. कादंबरीत डोव्ह लँडाऊ या मुलाच्या निमित्ताने पोलंडमधून निघण्याची हकीगत येते, पण मोजक्याच पानांत, आणि तिथेही मुलांना नेणारा माणूस पॅलेस्टाइनहून आलेला. मग येतो आरी बेन कनान. उंच, देखणा, इथल्या मातीत जन्मलेला, कधी न घाबरणारा. बोलपटात पॉल न्यूमन. तो योजना आखतो, कागद बनवतो, जहाज मिळवतो, आणि निर्वासित त्याच्या मागून चालतात. कादंबरीत तर जहाजावर घातलेली मुलेच आहेत. हे फार सोयीचे आहे. मुले प्रश्न विचारीत नाहीत.

खऱ्या ‘एक्झोडस १९४७’ जहाजाची गोष्ट पाहा. ते सायप्रसहून निघालेच नव्हते. ११ जुलै १९४७ रोजी फ्रान्सच्या सेत बंदरातून साडेचार हजारांहून अधिक माणसे घेऊन ते निघाले. मूळची अमेरिकेतली नदी-खाडीत चालणारी ही बोट होती. प्रवासात एक स्त्री बाळंतपणात दगावली. १८ जुलै रोजी ब्रिटिश आरमाराने हल्ला करून जहाज ताब्यात घेतले, तिघे मारले गेले. माणसांना तीन बोटींत भरून फ्रान्सला परत नेले आणि पोर-द-बूक येथे ‘उतरा’ म्हणून सांगितले. फ्रान्स आसरा देत होता. थोडे उतरले. बाकीचे ऑगस्टच्या उकाड्यात, बोटींच्या पिंजऱ्यांत, तीन आठवड्यांहून अधिक बसून राहिले. ‘नाही उतरणार’ असे त्यांनी स्वतः ठरविले. शेवटी त्यांना हॅम्बुर्गला, म्हणजे जर्मनीत, नेऊन जबरीने उतरविले. ही हकीगत युरिस यांना ठाऊक नव्हती असे नव्हे. कादंबरीतील उपोषणाचा प्रसंग १९४६ मध्ये इटलीच्या ला स्पेत्सिया बंदरात घडलेल्या घटनेशी जुळतो. तिथे १,०१४ निर्वासितांनी उपोषण केले आणि मे महिन्यात त्यांना रीतसर येऊ दिले गेले. कादंबरीकाराला जोडाजोडी करण्याची मुभा असते. पण खऱ्या गोष्टीत हार होती आणि हट्ट होता. बनवलेल्या गोष्टीत विजय आहे आणि नायक आहे. मोठे काय, ते वाचकांनीच ठरवावे.

आता किटी फ्रीमाँट. ही या कथेतली अमेरिकन नर्स. कादंबरीत तिचा नवरा युद्धात पडला आहे आणि लहान मुलगी पोलिओने गेली आहे. तिच्या दुःखाविषयी आम्हांला काही म्हणायचे नाही. पण सहाशेहून अधिक पानांच्या पुस्तकात तिने केलेली शुश्रूषा शोधून काढावी लागते. ती छावणीत येते ती कारेन या एका सुंदर मुलीसाठी, तिला अमेरिकेला नेता यावे म्हणून. उरलेली मुले तिच्या मागे भिंतीवरच्या चित्रासारखी उभी आहेत. बोलपटात तिच्या कपड्यांची इस्त्री कुठे मोडत नाही. उपोषण करणाऱ्यांचे ओठ फुटलेले नाहीत, डोळे खोल गेलेले नाहीत. उपाशी माणसाच्या तोंडाला वास येतो, तो पडद्यावर दाखविता येत नाही हे खरे, पण जवळ गेलेल्या नर्सच्या चेहऱ्यावर तो दाखविता येतो. हिब्रूत ‘आखोत’ म्हणजे बहीण आणि ‘आखोत’ म्हणजेच नर्स. आपल्या मुंबईच्या इस्पितळांतही ‘सिस्टर’ अशीच हाक मारतात. किटी कोणाचीच आखोत होत नाही. ती पाहुणी आहे, आणि वाचकाने तिच्या डोळ्यांनी पाहावे अशी योजना आहे, म्हणजे बाहेरून, जरा वरून.

एक गोष्ट सांगतो. आमच्या वॉर्डात वर्षानुवर्षे पोलंडहून आलेली वृद्ध माणसे असत. बोलणारी थोडीच. एक बाई बूट कपाटात ठेवू देत नसत. खाटेखाली, टोके दाराकडे करून, तिथेच हवेत. त्यांनी एका रात्रपाळीत सांगितले की सीमा ओलांडण्यापूर्वी तान्ह्या मुलांना झोपेचे थेंब दिले गेले, रडून घात करू नये म्हणून. त्यांच्याकडे बहिणीचे बाळ होते. पलीकडे पोहोचल्यावर इतरांची मुले उठली, हे उठेना. त्या सकाळभर बाळाच्या नाकाखाली बोट धरून बसल्या होत्या. दुपारी ते उठले. एवढे सांगून त्यांनी पाणी मागितले आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

अशा औषधाची मात्रा बाळाच्या वजनावर ठरते, आणि गप्प झोपणे व श्वास मंद होणे यांतले अंतर फार थोडे असते. अंधारात, वजनकाटा नसताना, अशक्त मुलाला किती थेंब द्यायचे हे कोणीतरी ठरविले. ती व्यक्ती कोण होती? तिच्यावर एखादी कादंबरी लिहिण्यासारखी होती. युरिस यांच्या कादंबरीतही गान दाफ्ना या बालग्रामातून रात्री मुले डोंगराखाली नेण्याचा प्रसंग आहे आणि तिथेही मुलांना झोपेचे औषध देतात. प्रसंग थरारक उतरला आहे. पण सगळा थरार शत्रूच्या पहाऱ्याचा आहे, औषधाचा नाही. नर्स नायिका असलेल्या कादंबरीत हे व्हावे, याचे आम्हांला नवल वाटते.

याच्या शेजारी दुसरे एक पुस्तक ठेवून पाहावे. तुरीनचे रसायनशास्त्रज्ञ प्रीमो लेव्ही, आउश्वित्झमधून वाचलेले, यांनी १९८२ साली एक कादंबरी लिहिली. तिचे नाव पिर्के आवोतमधील हिल्लेलच्या वचनावरून घेतले आहे, ‘आत्ता नाही तर केव्हा’ अशा अर्थाचे. रशियाच्या जंगलात लढणारी यहुदी स्त्री-पुरुषांची एक टोळी १९४३ पासून चालत चालत, पोलंड आणि जर्मनी ओलांडून, ब्रेनर खिंडीतून १९४५ मध्ये मिलानला पोहोचते, एवढेच कथानक. टोळीचा पुढारी गेदाले व्हायोलिन वाजवतो. मेन्देल घड्याळे दुरुस्त करणारा. कोणी देखणा नाही, कोणी निष्कलंक नाही. त्यांच्यातली एक मुलगी युद्ध संपल्यावर जर्मनीत गोळी लागून मरते, तेव्हा ही माणसे सूड घेतात, दहा जर्मनांना मारतात. लेव्ही ते लपवीत नाहीत आणि मेन्देलला ते पचतही नाही. युरिस यांच्याकडे हत्येनंतर शंका नसते. लेव्ही यांच्याकडे ती जेवायला बसते, झोपायला येते.

मिलानमध्ये एक श्रीमंत बाई या टोळीला आपल्या दिवाणखान्यात बोलावते. गालिचे, पेये, नटलेले पाहुणे. पाहुण्यांना यांची हकीगत ऐकायची आहे, प्राणिसंग्रहालयात आल्यासारखी. लेव्ही कोणालाही दुष्ट करीत नाहीत, बाई तर दयाळू आहे, आणि तरी वाचताना अंग चोरावेसे वाटते. आमच्या मते सबंध पुस्तकातला हा सर्वांत धारदार भाग. ज्यांना ‘तुम्ही हिंदुस्थानात यहुदी कसे झालात?’ असे गोड हसून विचारले गेले आहे, त्यांना तो दिवाणखाना ओळखीचा वाटेल.

कादंबरी एका बाळाच्या जन्मावर संपते. तारीख ७ ऑगस्ट १९४५, त्याच दिवशी वर्तमानपत्रात हिरोशिमाची बातमी. येथे आमची लेव्ही यांच्याविरुद्धही तक्रार आहे. बाळंतपण आपल्याला बाहेर थांबलेल्यांच्या बाजूने दिसते. रोखेले ही आई, जिने ते मूल पोटात घेऊन अर्धा युरोप तुडविला, तिच्या मनात काय चालले होते हे आपल्याला कळत नाही. एकूणच लेव्ही यांच्या बायका पुरुषांइतक्या भरल्या नाहीत. तरीही ही माणसे स्वतःच्या पायांनी येतात. त्यांच्या आधीच्या ‘युद्धविराम’ या अर्थाच्या नावाच्या पुस्तकातही एक लहानसा प्रसंग आहे. लेव्ही ज्या गाडीने मायदेशी परतत होते, तिच्या शेपटाला पूर्व युरोपातील यहुदी तरुण-तरुणींनी आपला एक डबा जोडून घेतला होता. परवानगी कोणाची? कोणाचीच नाही. डबा मिळाला, जोडला, निघाले. आरी बेन कनान कुठेच नाही. आमच्या मते ब्रिखाचे याहून खरे चित्र दुसरे नाही.

मराठीत ‘आले’ आणि ‘आणले’ यांत एका अक्षराचा फरक. आपल्याविषयीही इथे लिहितात तेव्हा ‘आणले’ असे लिहितात. बेने इस्राएलांना हिंदुस्थानातून आणले, इथे वसविले, त्यांना घर दिले. आपल्या आयांनी पाटल्या मोडल्या, म्हाताऱ्यांना समजाविले, नवगाव-अलिबागकडच्या कबरींवर शेवटचा दगड ठेवला, हे त्या वाक्यात मावत नाही. १९६४ साली आपल्या लग्नांच्या मान्यतेसाठी येरुशालेममध्ये धरणे धरून बसलेल्यांना तर कोणी आणले नव्हते. पोलंडच्या माणसांची आणि आपली दुःखे एका तराजूत घालण्याचा आमचा हेतू नाही, तसे करणे शोभणारही नाही. पण आपली गोष्ट दुसऱ्याने सांगितली की काय हरवते हे आपल्याला कळते, म्हणून त्यांची गोष्ट वाचताना आपण जास्त सावध असायला हवे. त्या पिढीतले आता फार थोडे उरले आहेत. येहूदा बाउअरही २०२४ साली गेले.

तेव्हा नातवंडांनी ‘एक्झोडस’ पाहू नये असे आमचे म्हणणे नाही. खुशाल पाहावा, संगीत तर फारच छान आहे, त्याला ऑस्कर मिळाले ते योग्यच. डोव्ह लँडाऊ छावणीत आपल्यावर काय गुदरले ते सांगतो, तो प्रसंग सॅल मिनिओ यांनी असा केला आहे की तेवढ्यापुरता बोलपट खरा होतो. मात्र त्याबरोबर लेव्ही यांची कादंबरी घरात असावी. ती इंग्रजीत व हिब्रूत मिळते. मराठीत कोणी आणील तर आम्ही पहिली प्रत घेऊ. बाउअर यांचा इतिहास हिब्रूतही आहे, पण त्यात नावे आणि तपशील फार, सलग वाचणे कठीण जाते. १९४६ च्या उन्हाळ्यापासून सुरुवात केली तरी चालेल.